मयताचा घोडा

तेरेक-बुलाक
२ मार्च

चि. सिर्गा हिस आजीचे आशीर्वाद. रागात लिहायला बसलेय, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकते. नंतर राहून जायचे.

काल तुझं भाषण टीव्हीवर पाहिलं. आपल्या गावची पोर संसदेत बोलणार म्हणून अर्धं गाव आमच्या घरात. चहा माझा प्याले, जॅम माझा खाल्ला, आणि खासदार झाल्यापासून पोरगी वाळली असंही मलाच ऐकवलं. तू मान खाली घालून कागद वाचत होतीस, आणि तेही एवढ्या भराभर, की मागे लांडगा लागलाय की काय. मयताच्या घरी सातव्या दिवसापर्यंत कुठलंही जनावर कापायचं नाही, असा कायदा तुला आणायचाय, एवढं मला समजलं. बाकीच्यांना तेवढंही नाही.

मग तो जाड मानेचा खासदार उठला. त्याने विचारलं, की बाई, उद्या तुमचे आजोबा गेले तर आल्यागेल्याला काय कोऱ्या चहावर वाटेला लावणार? तेव्हा तू पहिल्यांदा कागदातून डोकं वर काढलंस, आणि म्हणालीस, की माझ्या आजोबांच्या मयताला घोडा कापला जाणार नाही.

अगं, तुझे आजोबा टीव्हीसमोर बसले होते. हातात चहाची वाटी होती. जिवंत होते.

उचलली जीभ लावली टाळ्याला. जिवंत माणसाच्या मयताचं जेवण ठरवून मोकळी झालीस, आणि तेही साऱ्या देशासमोर. बायकांनी गळ्याशी कापड धरून तोबा तोबा केलं. उरलेला चहा तसाच टाकून माणसं उठली. यांनी वाटी खाली ठेवली आणि मेंढ्या बघून येतो म्हणाले. मेंढ्या सकाळीच बघून झाल्या होत्या. तो खोकला घेऊन बाहेर थंडीत उभे राहिले, हाक मारली तरी आत येईनात.

संध्याकाळी कुबात काका तणतणत आला. म्हणाला, थोरला मुलगा मी, बापाची माती मी देणार, राजधानीत, बिश्केकमध्ये बसलेल्या पोरीने मला शिकवू नये. त्याने घोडा निवडूनसुद्धा ठेवलाय, तो तांबूस, आणि त्याला वेगळा चारा सुरू केलाय. तू तिकडे घोडा नाही म्हणून दवंडी पिटतेस, हा इकडे घोडा पोसतो, आणि ज्याचं मरण तो माणूस तुम्हा दोघांच्या मधून खोकत फिरतोय.

उत्तर मिनीबसवाल्याच्या हाती दे. फोन करू नकोस, इथे फोन वाजला की घरभर कान उगवतात.

राग वर आहे, माया खाली आहे. हवी असेल तर खणून घे.
आजी बुरमाकान


बिश्केक
७ मार्च

ती. आजीस सिर्गाचा वाकून सलाम. तुझं पत्र मिळालं, खणून खणून हात दुखले, पण माया सापडली.

आजी, मी तसं बोलायला नको होतं. ते वाक्य कागदावर नव्हतंच. आधी माझी वेळ संपायच्या आत माइक बंद झाला, मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, की घरी मटण शिजवणं जमेना म्हणून हिने कायदा आणला. मग तो प्रश्न आला. माझ्या तोंडून निघून गेलं. घरी आल्यावर आजोबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी उभीच राहिले, पायातले बूटही काढले नाहीत. त्यांना सांग, की मी त्यांच्या शंभरीची वाट बघतेय.

पण कायद्याचं मी सोडणार नाही. निवडणुकीच्या वेळी मी ज्या ज्या खेड्यात गेले, तिथे हेच पाहिलं. माणूस जातो, त्याच्या मागोमाग दारातलं दुभतं जनावर जातं, आणि मग पोरं कोऱ्या चहात पाव बुडवून खातात. ज्यांच्या घरी गाय उरली नाही त्यांनीच मला पिठाचे बोरसोक तळून खाऊ घातले. मी त्यांना शब्द दिलाय.

पहिल्या वाचनात विधेयक निभावलं, अगदी थोडक्यात. एप्रिलमध्ये दुसरं वाचन, खरी मारामारी तेव्हा. उद्या आठ मार्च, आम्हा बायकांना सभागृहात फुलं मिळतील. परवापासून पुन्हा माइक बंद.

आजोबांचा खोकला कसा आहे ते खरं खरं लिही. कुबात काकांना माझा नमस्कार, घेतला तर.

तुझ्या रागाची सवय आहे, तो असू दे, अबोला नको.
सिर्गा


तेरेक-बुलाक
१५ मार्च

चि. सिर्गा हिस आशीर्वाद. अबोला धरायला मला वेळ नाही.

खरं लिही म्हणालीस, तर खरं हे की खोकला छातीत उतरलाय. डॉक्टर येऊन गेला. गोळ्या देऊन गेला आणि माझ्या तोंडाकडे न बघता गेला, त्यावरून मी काय समजायचं ते समजले. तू लगेच धावत येऊ नकोस. तू आलीस की यांना कळेल आपण मरतोय, आणि ते माहीत नसल्यासारखं वागायला त्यांना आवडतंय.

मला एका जागी बसवत नाही. लोकरीचा नमदा लाटायला घेतला तो अर्धा पडलाय. चूल पेटवते आणि कशासाठी पेटवली ते विसरते. कुबात रोज येतो, बापाजवळ घटकाभर बसतो आणि जाताना गोठ्यात डोकावतो. मी त्याला म्हटलं, तू बापाला भेटायला येतोस की घोड्याला?

काल यांनी आपणहून तुझा विषय काढला. इतके दिवस काढला नव्हता. म्हणाले, पोरगी बरोबर बोलते. पण मी गेल्यावर बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्हाला काय फरक पडतो, तुम्ही काही ते मटण खाणार नाही. तर म्हणाले, "बुरमाकान, या खोऱ्यातल्या प्रत्येक मयताचं मी खाल्लंय. आता सगळे माझ्या दारी येतील आणि मी त्यांना पाव देऊ?"

माझं तोंड बंद करणं या माणसाला आयुष्यात क्वचित जमलं होतं.

तेव्हा तुझ्या सभागृहातल्या जाड मानेला तू हसशील, पण त्याच्या बोलण्यात माझ्या नवऱ्याची लाज आहे, हे ध्यानात ठेव. लोक मटणासाठी कापत नाहीत. ज्यांच्या घरी खाल्लं त्यांना तोंड दाखवायचं असतं म्हणून कापतात. तुझ्या कागदावर हे कुठेच नव्हतं. कागद खाली ठेवून बोल. मला चौथीनंतर मेंढ्यांनी शिकवलं, पण मेंढ्यांपुढेसुद्धा मी कागद वाचला नाही.

आणि तो पांढरा स्कार्फ बांधू नकोस, त्यात तू आजारी दिसतेस.

जीव लावून राहा, पण इकडे कान ठेव.
आजी


बिश्केक
१ एप्रिल

ती. आजीस सलाम. आजोबांना माती दिल्यावर तुझ्याकडे चहा न घेता निघाले, ते मनातून जात नाहीये. पण थांबले असते तर काकांना काहीतरी बोलून बसले असते, आणि आजोबांच्या मागे घरात भांडण नको होतं.

आजी, तू माझ्या शेजारी होतीस. बोझ-उईच्या तंबूत, आपण सगळ्या बायका जाळीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, मागे पडद्याआड आजोबा. बाहेर माणसं काठ्या टेकून हंबरडे फोडत येत होती. तू आजोबांचा विलाप गात होतीस, आवाज जराही फुटला नाही. आणि मधेच मला अंगणातून टापा ऐकू आल्या. मला कळलं. तुलाही कळलं, तू एक ओळ दोनदा गायलीस. पण मयत उचलेपर्यंत आपल्याला उठायचं नव्हतं. मी विधेयक लिहिलेली बाई, आणि भिंतीकडे तोंड करून घोडा नेताना ऐकत बसले. मी उठले असते तर लोक म्हणाले असते, हिने आजोबाला पाठ दाखवली. मी उठले नाही.

पुढचं तू पाहिलं नसशील. कुणीतरी अंगणातल्या कढयांचा फोटो काढला. तो मी इथे पोचायच्या आत सगळ्यांच्या फोनवर होता. सभागृहाच्या जिन्यात एकाने मला हसून विचारलं, की मटण शिजलं होतं ना चांगलं? माझ्याच बाजूच्या दोघींनी सुचवलं, की दुखवट्याचं कारण दे आणि विधेयक मागे घे, कुणी नावं ठेवणार नाही. दुसरं वाचन वीस तारखेला आहे. मला झोप लागत नाही, जेवण उतरत नाही, आणि दुःख कशाचं करतेय तेच कळत नाही. आजोबांचं की स्वतःचं.

एकच विचारते आणि खरं उत्तर दे. काका घोडा कापणार हे तुला आधी माहीत होतं का? आणि मी टीव्हीवर बोलले म्हणून तर आजोबा लवकर गेले नाहीत ना?

माझ्यावर रागव, पण उत्तर लांबवू नकोस.
सिर्गा


तेरेक-बुलाक
६ एप्रिल

चि. सिर्गा हिस काळ्या रुमालातल्या आजीचे आशीर्वाद.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू बोललीस म्हणून ते गेले नाहीत. फुप्फुस गेलं म्हणून गेले. तुझ्या जिभेत एवढं बळ असतं तर तो जाड मानेचा अजून उभा राहिला असता का?

पहिल्याचं उत्तर, नाही. मी कुबातला बोलावून सांगितलं होतं, की नातीने शब्द दिलाय, तो पाळ, सातव्याला काय ते कर. तो हो म्हणाला होता. मी विश्वास ठेवला.

तू गेल्यावर मी त्याला समोर बसवलं. मग बोलला. तो घोडा गोठ्यातच ठेवणार होता. पण त्याच्या बायकोचे माहेरचे आले, मग खालच्या खोऱ्यातले सोयरे आले, दोर घेऊनच आले, आणि अंगणात उभं राहून विचारू लागले, की जनावर कुठाय, आम्ही मदतीला आलोय. कुबात मला म्हणाला, "आई, मी कुणाचं नाव पुढे करू? तुझं केलं तर म्हणतील बायकांचं ऐकतो. सिर्गाचं केलं तर म्हणतील पुतणी नाचवते. माझंच केलं तर म्हणतील बापापेक्षा घोडा जड झाला."

आणि मग रडला. बापाच्या मयतावर रडला त्याहून वेगळं रडला. तो घोडा त्याने शिंगरू असल्यापासून वाढवला होता, हे मला त्या दिवशी आठवलं. एवढे दिवस मला वाटत होतं, की गोठ्यात डोकावतो ते मयताची तयारी म्हणून.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जे फिरत राहिलंय, ते असं. कुबातला कापायचा नव्हता. त्या सोयऱ्यांनाही त्यांच्या घरी कापायचा नसतो. आम्हा कुणालाच नसतो. पण नाही म्हणायला प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव लागतं, आणि नात्यातलं नाव चालत नाही. सरकारचं नाव मात्र कुणालाही चालतं. सरकारला शिव्या घालायला आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा तयार असतं. कुबात त्या दिवशी जर म्हणू शकला असता, की मला तर दोन कापायचे होते हो, पण हे मेलं सरकार, तर सोयऱ्यांनी दोर गुंडाळले असते आणि सगळ्यांनी मिळून मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. बापाची लाज राहिली असती. घोडाही राहिला असता.

तू सभागृहात सांगत राहिलीस, की लोक वाईट चाल पाळतात म्हणून त्यांना अडवा. त्यांना ते लागलं. तसं सांगू नकोस.

आणि विधेयक मागे घेशील तर या घरात येऊ नकोस. कढयांचा फोटो निघालाय तो निघालाय. चोरी पकडल्यासारखी तोंड लपवत फिरू नकोस, आधी तूच सांग की आमच्याकडे कापला.

जेवत जा. उपाशी बाईचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.
आजी


बिश्केक
२१ एप्रिल

ती. आजीस सलाम. तू टीव्हीवर पाहिलंच असशील, पण शेवट पाहिला नसशील, म्हणून लिहिते.

कागद नेला होता, उघडला नाही. मी म्हटलं, "होय, माझ्या घरी घोडा कापला. मी आत होते, भिंतीकडे तोंड करून. मी खासदार आहे, तरी मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या काकांना म्हणता आलं नाही. मग जिला कुणी ओळखत नाही, त्या बाईने कसं म्हणायचं?"

कुणी हसलं नाही. मग मी तुझं सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. की लोकांना शिक्षा नको आहे, सबब हवी आहे. की आपण इथे बसलोय ते शिव्या खायलाच, तर या एका कामासाठी आनंदाने खाऊया. त्यावर मात्र हसले, पण बरं हसले. अध्यक्षांनी वेळ संपल्यावरही माइक चालू ठेवला. मला वाटलं, जमलं.

मग जाड मानेचे उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले, की त्यांच्या वडिलांच्या मयताला त्यांनी शेवटची घोडी कापली होती आणि आई ते आयुष्यभर अभिमानाने सांगायची. तिचा अभिमान आता गुन्हा ठरवायचा का? आजी, ते खोटं बोलत नव्हते. मला आजोबांचं ते ‘मी त्यांना पाव देऊ?’ आठवलं आणि मी क्षणभर गडबडले. तेवढ्यात मतदान पुकारलं.

मतं कमी पडली. थोडीच, पण पडली. विधेयक समितीकडे परत गेलं. शरद ऋतूच्या अधिवेशनात बघू म्हणतात. बघू म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. दोघाजणांनी बाहेर येऊन हात दाबला आणि म्हणाले, भाषण उत्तम, मत देता आलं नाही, आमच्या भागातल्या लोकांना काय सांगायचं? म्हणजे त्यांनाही सबबच हवी होती.

मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालतेय. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बळ आहे की नाही, कळत नाही. तू घरात येऊ नकोस म्हणाली होतीस ते मागे घेतल्यावर. मी मागे घेतलं नाही, पडलं. पडल्यावर यायचं का, ते कळव.

तुझी,
सिर्गा


तेरेक-बुलाक
९ मे

चि. सिर्गा हिस आशीर्वाद. यायचं. विचारतेस काय?

पत्राला उशीर झाला, कारण इथे एक मयत झालं. खालच्या आळीत अनारकान राहते, नवरा परदेशी मजुरीला गेलाय तो अजून आलेला नाही, पदरी लहान पोरं आणि सासू. ती सासू गेली. दारात एकच गाय, नुकती व्यालेली. अनारकान सकाळीच माझ्याकडे पळत आली. चुलत दीर सुरी घासत बसलेत, काय करू म्हणाली. मी म्हटलं, तू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बस आणि रड, बाकीचं माझ्याकडे.

तुझं भाषण गावाने पाहिलं होतं. मी उभी होते तिथे, म्हणून सांगते. तू कापला म्हणालीस तेव्हा सगळे कुबातकडे बघायला लागले, आणि तुझं बोलणं संपलं तसे सगळे उठून गेले. मतदानापर्यंत कोण बघत बसतो? तुझा शेवट एकट्या मला माहीत होता, आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता. मुद्दाम नाही. विचारलं कुणी नाही.

मी अनारकानच्या अंगणात गेले. गावप्रमुख आला होता, काठी टेकून रडून झालं होतं त्याचं. मी त्याला चारचौघांत विचारलं, की का रे, सिर्गाच्या कायद्याप्रमाणे सातव्यापर्यंत मनाई आहे ना? आता गावप्रमुख असून कायदा माहीत नाही, असं तो कबूल कसं करील? त्याने घसा खाकरला. मनाई आहे म्हणाला. वर म्हणाला, फार कडक आहे.

मग काय विचारतेस. एवढी मोकळी झालेली माणसं मी मयताच्या दारी कधी पाहिली नव्हती. दीर म्हणाला, मी तर गाय आणि वर मेंढा कापणार होतो, पण हे मेलं सरकार. दुसरा म्हणाला, आता मरायलाही त्यांची परवानगी लागेल. सगळ्यांनी खासदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तुझ्याही, म्हणजे माझ्याही. सर्वांत मोठ्याने कुबात ओरडत होता. ओरडून झाल्यावर सुरी त्याने स्वतःच दिराच्या हातून घेतली आणि घरी नेऊन ठेवली.

बायकांनी बोरसोक तळले. मेलेल्याला तेलाचा वास पोचतो म्हणतात, तेवढा पोचला. माणसांनी चहा-पाव खाल्ला, म्हातारीला चांगलं म्हणत माती दिली. अनारकानला कुणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी तिने गायीची धार काढली.

आता काळजी एवढीच, की हे टिकणार किती? मास्तरचा जावई सुट्टीला येणार आहे, त्याला सगळं वाचायची खोड आहे. गावप्रमुख एखाद्या दिवशी कुणाला तरी विचारील. शेजारच्या गावातून एक बाई परवा विचारायला आली होती, की हा कायदा त्यांच्या गावालाही आहे का. मी सांगून बसले, की साऱ्या देशाला आहे. तेव्हा येरझाऱ्या पुरे झाल्या. त्या दोघांनी हात दाबला ना, त्यांचे हात सोडू नकोस. जाड मानेच्याही घरी जा, त्याच्या आईचं सगळं ऐकून घे, आणि घोडी गेल्यावर घरातल्या पोरांना त्या वर्षी दूध कुठून मिळालं तेही विचार.

प्रकृतीला जप. माझी आठवण काढायची असेल तर काम करता करता काढ.

आमच्याकडे तुझा कायदा लागू झालाय. तुमच्याकडे कधी होतोय ते कळव.
आजी